रिकामा पाळणा

सिनेमा संपला तेव्हा अकरा वाजून गेले होते. मावशी काहीच बोलली नाही. उठून ओट्यापाशी गेली, दुधावर ताटली ठेवली, गॅस बंद आहे ना ते दोनदा पाहिलं. मग स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तिनं विचारलं, “मूल का जगवलं त्यानं?”

विशाल भारद्वाजचा ‘मकबूल’ २००३चा. तेव्हापासून मावशीनं तो पाहायचं टाळलं होतं. कॉलेजात तीस वर्षं तिनं इंग्रजी शिकवलं आणि त्यातली बहुतेक वर्षं ‘मॅकबेथ’ शिकवलं. जे नाटक मी वाचताना ऐकते ते मला कुणी दाखवू नये, असं तिचं म्हणणं. मी सिनेमाची संकलक, दाखवण्यावरच माझं पोट चालतं. या पावसाळ्यात चार दिवस तिच्याकडे नाशिकला गेले होते. लहानपणी प्रत्येक मे महिन्यात मी आणि माझा भाऊ इथेच असायचो. या घरात दुसरी मुलं नव्हती, त्यामुळे कॅरमही आमचा आणि गच्चीही आमची. आता काकाही नाहीत. संध्याकाळी पाऊस लागला, मी लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि म्हटलं, एकदाच बघ. ती बसली आणि शेवटपर्यंत हलली नाही.

ज्यांनी हा सिनेमा पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. स्कॉटलंडचा राजा डंकन इथे मुंबईतल्या गुन्हेगारी टोळीचा म्हातारा म्होरक्या झाला आहे. पंकज कपूरचा अब्बाजी तो. त्याचा उजवा हात मकबूल म्हणजे इरफान खान. नाटकातली मॅकबेथची बायको इथे त्याची बायको नाही; ती अब्बाजीनं ठेवलेली निम्मी आहे, तब्बू. दोघं मिळून अब्बाजीचा काटा काढतात. पुढे निम्मीला मूल होतं आणि ती मरते. मूल दवाखान्यातच राहतं. मकबूल ते आणायला जातो, तर ज्यांच्या बापांचे खून त्यानं केले-करवले ती समीरा आणि तो गुड्डू ते बाळ मायेनं जवळ घेताना त्याला दिसतात. तो हातातलं हत्यार टाकून देतो आणि रिकाम्या हातांनी बाहेर पडतो. बाहेर मरण उभं असतं.

मावशी खुर्ची ओढून समोर बसली.

मावशी: नाटकात ती बाई एकदाच सांगते की तिनं मूल अंगावर पाजलंय. तेवढंच. ते मूल कुणाचं, मुलगा की मुलगी, जगलं की गेलं, पाच अंकांत पुन्हा एक अक्षर नाही. आणि त्याच नाटकात तिच्या नवऱ्याची तगमग कशाची आहे? मुकुट मिळाला, पण आपल्यामागे तो घालायला कुणी नाही. गादी त्याचा मित्र बँको याच्या वंशात जाणार. आता या दोन गोष्टी एकमेकींना कशा जोडायच्या ते शेक्सपिअर सांगत नाही. मधली जागा त्यानं मोकळी ठेवली, चारशे वर्षं ती मोकळी आहे. तुझ्या दिग्दर्शकानं तिथे बाळ आणून ठेवलं.

मी: ती जागा मोकळी ठेवणं त्याच्या हातातच नव्हतं गं. कागदावर ‘बाई’ असं लिहिलं की काम भागतं. कॅमेरा बाईचं अंग टिपतो. तब्बू पडद्यावर आली की तिला वय आलं, चाल आली, डोळ्यांखालची जाग आली. तिला मूल आहे का, होतं का, होईल का, हा हिशेब प्रेक्षक नकळत करतोच. तो टाळायचा म्हटलं तरी ते टाळणं पडद्यावर दिसतं.

मावशी: म्हणजे तुमच्या माध्यमाची अडचण. ती नाटकाच्या माथी कशाला?

मी: अडचण म्हण हवं तर. मी तिला जबाबदारी म्हणेन. वाचणाऱ्याला प्रश्न तसाच ठेवून पान उलटता येतं. दिग्दर्शकाला पान उलटता येत नाही, त्याला ठरवावंच लागतं.

मावशीला हा शब्द आवडला नाही हे मला दिसलं. पण माझ्याजवळ उदाहरणं होती आणि ती मी बरेच दिवस साठवून ठेवली होती. मी तिला चार सिनेमे सांगितले.

अकिरा कुरोसावानं १९५७ साली ‘थ्रोन ऑफ ब्लड’मध्ये मॅकबेथला जपानी सरदार केलं. तोशिरो मिफुनेचा वाशिझू आपल्या मित्राच्या मुलाला वारस नेमायला निघतो, तेव्हा त्याची बायको आसाजी नोह नाटकातल्या मुखवट्यासारख्या चेहऱ्यानं सांगते की मला दिवस गेलेत. त्या एका वाक्यावर मित्राचा खून ठरतो. पुढे मूल मेलेलंच जन्मतं. जस्टिन कुर्झेलच्या २०१५च्या ‘मॅकबेथ’ची सुरुवातच एका तान्ह्या मुलाच्या अंत्यविधीनं होते. चेटकिणी, लढाई, राजा, सगळं त्यानंतर. जोएल कोएननं २०२१ साली काळ्या-पांढऱ्या रंगात केलेल्या सिनेमात डेन्झेल वॉशिंग्टन आणि फ्रान्सिस मॅकडॉरमंड ही साठी ओलांडलेली जोडी घेतली. त्यांना मूल झालं नाही आणि आता होणारही नाही. मुकुट ही आयुष्यातली शेवटची संधी. आणि भारद्वाजनं मूल जगवलं.

मी: चौघांनी एकच नाटक वाचलं. तू म्हणतेस त्याच मोकळ्या जागेपाशी चौघंही येऊन थांबले. एकानं तिथे मेलेलं मूल ठेवलं, एकानं चिता, एकानं म्हातारपण आणि एकानं जिवंत बाळ. तुझ्या वर्गातल्या किती मुलांना ती जागा दिसली असेल?

मावशी: थोड्यांना. गाइडवर पास होणाऱ्यांना कशी दिसणार! ते मी मान्य करते.

मग तिनं कपाटातून पुस्तक काढलं. केनेथ म्यूरनं संपादित केलेली आर्डेन आवृत्ती, पुठ्ठ्याला आतून खाकी कागद चिकटवलेला, पेन्सिलीच्या खुणा तीन-चार वेगवेगळ्या वयांच्या. अक्षर बदलत गेलेलं दिसत होतं. नेम कसा साधायचा ते तिला ठाऊक आहे. माझ्या चार सिनेमांना तिनं हातच लावला नाही.

मावशी: हे नाटक लिहिलं गेलं साधारण १६०६मध्ये. तेव्हा ही भूमिका कोण करायचं? एखादा पोरगा, आवाज न फुटलेला. मूल पाजल्याचं सांगणारी बाई रंगमंचावर नव्हतीच. समोरच्या माणसाला फक्त शब्द मिळत होते. शब्दांतून आई तयार व्हायची आणि पुढच्याच वाक्यात तीच आई अंगावर काटा येईल असं काही बोलायची. आणि तिला नावही नाही. पहिल्या छापील प्रतीत, १६२३च्या फोलिओत, ती नुसती ‘लेडी’ आहे, नाहीतर मॅकबेथची बायको. लेडी मॅकबेथ हे आपण म्हणायला लागलो. नाव नाही, अंग नाही, मूल आहे की नाही माहीत नाही. केवळ आवाज. वाचताना मला तोच आवाज मिळतो. तुझी निम्मी चांगली आहे, ती पोरगी जीव ओतून करते. पण ती निम्मी आहे. एक बाई. मला मिळते ती कुठलीही बाई असू शकते.

मला याचं उत्तर चटकन सुचलं नाही. खरं सांगायचं तर अजूनही पूर्ण सुचलेलं नाही. संकलनाच्या टेबलावर आम्ही जे कापतो ते चित्रित झालेलं असतं. जे चित्रितच झालं नाही ते कापून दाखवता येत नाही. कागदावर मात्र न लिहिलेलंही दिसतं. ही ताकद आमच्याकडे फार थोड्या वेळा येते आणि ती येते बहुतेक वेळा आवाजातून.

म्हणून मी आवाजाकडे वळले.

मी: डंकनचा खून नाटकात दिसत नाही ना?

मावशी: नाही. तो आत होतो. बाहेर ती एकटी उभी असते, मग तो येतो, मग दोघं कुजबुजतात. एकेका शब्दाचे प्रश्न. तू काही ऐकलंस का, कधी, आत्ता, कोण. पद्याची ओळ तिथे चार तुकड्यांत फुटते. आणि मग दारावर थापा. डी क्विन्सीनं १८२३मध्ये त्या थापांवर निबंध लिहिलाय. लहानपणापासून त्या थापा ऐकून आपल्याला काहीतरी विलक्षण का होतं, ते त्याला कळत नव्हतं. त्याचं उत्तर असं की खुनाच्या वेळी सगळं जग थांबलेलं असतं, माणसाचं जगणं बाहेर राहिलेलं असतं. थाप पडते तेव्हा ते पुन्हा सुरू होतं आणि ते सुरू झाल्यावरच कळतं की थांबलं होतं. हे सगळं मला कागदावर ऐकू येतं. आणि तुझ्या सिनेमात गोळी घालतात, बाईच्या तोंडावर रक्त उडतं.

मी: उडतं. त्याचं कारण आहे. नाटकात ती नंतर आत जाते आणि हात लाल करून येते, म्हणजे रक्ताकडे ती स्वतः चालत जाते. इथे रक्त तिच्याकडे येतं, ती ज्या माणसाच्या शेजारी झोपत होती त्याचं. पुढे ती वेड लागल्यासारखी भिंतीवरचे डाग घासत बसते. आपल्याला तिथे काहीच दिसत नाही, पण डोळ्यांपुढे तोच शेजघराचा प्रसंग असतो. आधी दाखवलं म्हणून नंतर न दाखवता चालतं. आमच्याकडे रिकामी जागा अशी तयार करावी लागते, मावशी. ती आयती मिळत नाही.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “हे मला शिकवताना सुचलं नसतं.” मावशीकडून एवढं मिळणं म्हणजे पुष्कळ.

त्याच ओघात तिनं दोन पोलिसांचं कौतुक केलं, मी न विचारता. ओम पुरी आणि नसीरुद्दीन शाह, इन्स्पेक्टर पंडित आणि पुरोहित. चेटकिणींच्या जागी हे दोघं. सिनेमाच्या सुरुवातीला गाडीच्या धुकट काचेवर बोटानं कुंडली काढली जाते, तिथेच आपण हरलो असं ती म्हणाली. त्यावरून तिनं सांगितलं की ‘मॅकबेथ’चा प्रयोग पाहून ज्यानं टिपण लिहून ठेवलं असा सगळ्यात जुना प्रेक्षक म्हणजे सायमन फोरमन. १६११मध्ये त्यानं ग्लोब नाट्यगृहात तो पाहिला. धंद्यानं वैद्य आणि ज्योतिषी! हाताचं रक्त धुतलं जात नाही आणि बँकोचं भूत खुर्चीत येऊन बसतं, हे त्याच्या लक्षात राहिलं. “पहिला ज्योतिषी खाली बघणाऱ्यांत बसला होता आणि चारशे वर्षांनी दोन ज्योतिषी पडद्यावर चढले,” ती म्हणाली आणि मनापासून हसली.

मी: म्हणजे या नाटकाची पहिली साक्ष वाचकाची नाही, बघणाऱ्याची आहे.

मावशी: आहे. पण फोरमनला ते पुन्हा बघायचं तर पुन्हा पैसे भरून जावं लागलं असतं, आणि तोवर नटाचा आवाज बसलेला असता, पावसाचा दिवस असता. प्रयोग रोज मरतो आणि रोज वेगळा जन्मतो. म्हणून तर मराठीतही हे नाटक पुन्हा पुन्हा आलं. शिवराम महादेव परांजप्यांनी त्याचा ‘मानाजीराव’ केला, शिरवाडकरांनी ‘राजमुकुट’. ‘राजमुकुट’मध्ये दुर्गाबाई खोटे होत्या. दुसरी कुणी ती भूमिका करती तर दुसरी बाई दिसती. तुझ्या सिनेमात मात्र तब्बू दर वेळी त्याच क्षणी तशीच मान वळवणार. माझी तक्रार ही आहे. वाचन प्रयोगासारखं असतं. मी विशीत वाचलं तेव्हा मला तो पुरुष दिसायचा, त्याची हाव, त्याचा पराक्रम. पस्तिशीत ती दिसायला लागली. आता मला मॅकबेथनं मारवलेली, सरदार मॅकडफच्या घरातली ती छोटी मुलं दिसतात, आईशी वाद घालणारा तो मुलगा. पुस्तक तेच, म्यूरचंच.

मी: सिनेमाही तोच राहतो आणि बघणारा बदलतो. मी ‘मकबूल’ पहिल्यांदा पाहिला तेव्हा कॉलेजात होते. मला तेव्हा शेवट कळलाच नव्हता. त्यानं हत्यार का टाकलं? मला वाटलं, थकला. आत्ता तुझ्याशेजारी बसून पाहताना कळलं की तो थकलेला नाही. आपलं मूल सुडावाचून वाढू शकतं हे त्यानं पाहिलं. नाटकातल्या मॅकबेथला तेवढंच कधी दिसत नाही. त्याला दिसतात ते रक्तानं माखलेलं मूल आणि मुकुट घातलेलं मूल, चेटकिणींनी दाखवलेली, दोन्ही दुसऱ्यांची.

मावशीनं पुस्तकावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहत राहिली. मला वाटलं ती आता चूक काढणार.

मावशी: तुला मी एक गोष्ट सांगते. ती मी कुणाला सांगितलेली नाही.

तिच्या नोकरीच्या पहिल्या पाच-सात वर्षांतली ही गोष्ट. वर्गात एक मुलगी होती, बाकीच्यांपेक्षा वयानं मोठी, लग्नानंतर पुन्हा शिकायला आलेली. शेवटच्या बाकावर बसायची, कधी तोंड उघडायची नाही. एके दिवशी तास संपता संपता तिनं उभं राहून विचारलं, “मॅडम, त्या बाईचं मूल कुठे गेलं?”

याच्या उत्तरासाठी आधी मावशी कशी शिकली ते सांगायला हवं. ए. सी. ब्रॅडलीनं १९०४ साली शेक्सपिअरच्या शोकांतिकांवर व्याख्यानांचा ग्रंथ काढला. त्यात नाटकातली माणसं खरीखुरी असावीत असा त्यांचा विचार केलेला आहे आणि शेवटच्या टिपणांत मॅकबेथच्या मुलांचा प्रश्नही घेतला आहे. १९३३मध्ये एल. सी. नाइट्स या तरुण समीक्षकानं त्याच्यावर निबंध लिहिला. नावच मुळी ‘लेडी मॅकबेथला किती मुलं होती?’ असं. हा प्रश्न विचारणं हीच मोठी चूक आहे, असं त्याला दाखवायचं होतं. नाटक म्हणजे शब्दांची रचना, एक दीर्घ कविता. तिच्याबाहेर त्या माणसांना आयुष्य नाही. मावशीची पिढी या विचारावर वाढली. त्या विचारानं वाचायला शिकवलं हेही खरं, कारण शब्दाकडे बघ असं तो सांगत होता. १९४७ साली क्लीन्थ ब्रुक्सनं तसंच शब्दांकडे बघत दाखवून दिलं की या नाटकात तान्ह्या मुलाची प्रतिमा किती ठिकाणी, किती रूपांत पुन्हा पुन्हा येते. म्हणजे पाळणा प्रत्येक पानावर आहे आणि त्यात कोण होतं हे विचारायचं नाही.

मावशी: मी तिला नाइट्स ऐकवला. सगळ्या वर्गासमोर. हा प्रश्न साहित्याचा नाही, असे प्रश्न परीक्षेत विचारत नाहीत आणि वर्गातही विचारू नयेत, असं म्हणाले. मुलं हसली. ती खाली बसली. नंतर तिनं वर्षभरात एकही प्रश्न विचारला नाही. ती ते का विचारत होती, हे मी तिला कधी विचारलं नाही.

मी: तू जे शिकलीस तेच शिकवलंस.

मावशी: नाही. ते शिकलेलं मला सोयीचं होतं.

याच्यापुढे ती काही बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. बाहेर पाऊस थांबला होता, गच्चीच्या पन्हाळीतून अजून पाणी पडत होतं.

थोड्या वेळानं तिनंच विषय पुढे नेला आणि इतिहासाकडे वळली. खरा मॅकबेथ १०४० ते १०५७ अशी सतरा वर्षं राज्य करून गेला. त्याच्या बायकोचं नाव ग्रुओक. तिला पहिल्या नवऱ्यापासून झालेला मुलगा होता, लुलाख. मॅकबेथनंतर काही महिने तोच राजा होता, १०५८मध्ये मारला गेला. म्हणजे पाजलेलं मूल होतं, ते मोठं झालं आणि गादीवरही बसलं. शेक्सपिअरनं ज्या होलिन्शेडच्या बखरीतून कथा घेतली तिथे बँको मॅकबेथच्या कटात सामील आहे. नाटकात तो निष्पाप झाला. १६०३मध्ये इंग्लंडच्या गादीवर आलेला राजा जेम्स स्वतःला बँकोचा वंशज म्हणवत होता, हे लक्षात घेतलं की त्याचं कारण कळतं. पण लुलाख नाटकात का आला नाही? “तो आला असता तर मॅकबेथला वारस मिळाला असता, सावत्र का होईना,” मावशी म्हणाली. “मग बँकोच्या मुलाला मारायची गरज उरली नसती. नाटकच उरलं नसतं.”

मी: म्हणजे शेक्सपिअरनंही कापलं. टेबलावर बसून.

मावशी: कापलं. पण एक धागा लोंबता ठेवला. पाजल्याचं ते वाक्य. ते काढायला त्याला काय हरकत होती? एवढं छोटं नाटक, दोन हजार शंभरच्या आसपास ओळी, ‘हॅम्लेट’च्या जवळपास निम्मं. त्यात ती ओळ राहिली.

मी: भारद्वाजनं तोच धागा धरलाय. शेवटचं बाळ त्यानं मनानं जोडलेलं नाही, तुझ्याच पुस्तकातून काढलंय.

मावशी: तेच मी मघापासून विचारतेय. त्यानं ते जगवलं का? कुरोसावाला धीर झाला नाही. त्या इंग्रजीवाल्याला झाला नाही, त्यानं पहिल्याच दृश्यात चितेवर ठेवलं. यानं ते मारणाऱ्याच्या हातातून काढून दुसऱ्या घरात दिलं.

मला तेव्हा कळलं की ती तक्रार करत नव्हती. पहिल्यापासूनच नसेल.

साडेबारा झाले होते. मला वाटलं आता झोपायचं. पण तिनं चौथा अंक उघडला, तिसरा प्रवेश, इंग्लंडमधला. मॅकडफ घर सोडून डंकनचा मुलगा माल्कम याच्याकडे आलेला आहे आणि सरदार रॉस मॅकडफच्या घरचा निरोप घेऊन येतो. “हे वाचूया,” ती म्हणाली. “तू मॅकडफ. मी रॉस आणि माल्कम दोन्ही. मग सांग मला तुझा कॅमेरा इथे काय करेल.”

रॉस आधी धड सांगतच नाही. बायको बरी आहे, मुलं बरी आहेत, असं दोन अर्थांचं बोलतो. मोठ्यानं वाचताना ते टाळणं किती लांब आहे ते कळतं. डोळ्यांनी वाचलं तर दहा सेकंदांत संपतं. मग तो सांगतो की मॅकबेथनं सगळ्यांना मारवलं. मॅकडफ एकदम कोसळत नाही. मुलंसुद्धा का, बायकोसुद्धा का, असं तो पुन्हा पुन्हा विचारत राहतो, जणू उत्तर बदलेल. मी हा प्रसंग दोन-तीन सिनेमांत पाहिला आहे. तिथे नटाचा चेहरा इतका काही करत असतो की या विचारण्यातला हट्ट माझ्या लक्षातच आला नव्हता. इथे माझ्याकडे चेहरा नव्हता, शब्द होते आणि ते माझ्या तोंडून जात होते. दुसऱ्यांदा विचारताना माझा आवाज मला हवा तसा राहिला नाही.

पुढे माल्कम त्याला धीर देतो. सूड घेऊ, त्यानं हे दुःख बरं होईल, असं म्हणतो. तरुण राजपुत्र, पटकन बोलून मोकळा होतो. त्यावर मॅकडफचं चार शब्दांचं वाक्य आहे. कुणाला तरी मुलं नाहीत, एवढंच तो म्हणतो.

मावशीनं मला तिथे थांबवलं.

मावशी: कुणाला? ब्रॅडलीच्या टिपणात तीन अर्थ दिलेत. एक, मॅकबेथला मुलं नाहीत म्हणून त्याच्या हातून हे झालं. दोन, मॅकबेथला मुलं नाहीत म्हणून मी सूड तरी कुणावर घेऊ. आणि तीन, हा जो मला धीर देतोय त्या माल्कमला मुलं नाहीत, म्हणून तो इतक्या सहज बोलतो. कागदावर तिन्ही एकाच वेळी खरे आहेत. आता तू सांग. तुला शॉट लावायचाय.

मी: नटाची नजर ठरवावी लागेल. लांब कुठेतरी बघितलं तर मॅकबेथ. माल्कमकडे बघितलं तर माल्कम. आणि रॉसकडे वळून माल्कमबद्दल बोलला तर ते आणखी वाईट.

मावशी: आणि एकदा ठरवलं की बाकीचे दोन अर्थ गेले.

मी: गेले. पण जो उरला तो कुणाला तरी लागेल. जोरात लागेल.

मावशी: हं. घे, पुन्हा घे. माल्कमपासून.

तिनं माल्कमचं बोलणं वाचलं. पुस्तकात न बघता, पाठच होतं तिला. माझी पाळी आली. माल्कम तिच्या तोंडी होता, म्हणजे तिसरा अर्थ घ्यायचा तर मान वर करून मला मावशीकडे बघायला हवं होतं. ते चार शब्द मी पुस्तकात बघूनच वाचले, हळू आवाजात, आणि लगेच पुढच्या ओळीवर गेले.

मावशीनं हात पुढे करून पान झाकलं.

“असं नाही,” ती म्हणाली. “माझ्याकडे बघून म्हण.”